दू नदीत पडलेलं घड्याळ

गेंट, ३ फेब्रुवारी २०१४

ऑरेलमामा,

फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. तुमच्या घरचा फोन जिन्यात, आणि बाबांची खोली जिन्याला लागून. मोतीबिंदू झाल्यापासून त्यांचे कान असे तिखट झालेत की मी इथे गेंटमध्ये सुस्कारा टाकला तर ते तिथून विचारतील, काय झालं ग. पत्र मात्र बिनधास्त लिहिता येतं. त्यांच्या नाकासमोर टेबलावर पडलेलं असलं तरी त्यांना अक्षर लागत नाही. हे लिहिताना वाईट वाटतं, पण सध्या सोयीचं आहे.

सोबत काही फोटो छापून पाठवतेय. इटलीत बेल्लुनोची एक बाई हे घड्याळ ऑनलाइन विकते आहे. रोज चावी द्यायचं, स्टीलच्या केसचं. तबकडीवर कंपनीचं नाव नाही, फक्त लोक्लच्या घड्याळशाळेचं. म्हणजे कुणा विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षी स्वतःच्या हाताने केलेलं. आता खालचा छोटा सेकंदकाटा बघ. सगळ्यांचा निळा असतो, हा जांभळा आहे.

बाबांची गोष्ट तुला पाठ असेल. पोलादी काटा तापवला की तो आधी पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा होतो आणि शेवटी निळा. निळा होईपर्यंत थांबायचं. बाबा थांबले नाहीत. "वर्गात एकट्या माझाच काटा जांभळा," असं सांगताना त्यांना लाज वाटते की अभिमान, हे मला आजवर कळलेलं नाही.

मामा, हे त्यांचं हरवलेलं शाळेचं घड्याळ आहे का? पाच वर्षांपूर्वी मी अशीच एक चूक केली होती. साधारण तसंच दिसणारं घड्याळ वाढदिवसाला दिलं. त्यांनी मागचं झाकण उघडलं, भिंग लावलं, झाकण बंद केलं, "छान आहे हो," म्हणाले आणि ते सुऱ्या-चमच्यांच्या खणात ठेवून दिलं. स्वतःच्या मुलीला "छान आहे हो." शेजारणीने लोणचं दिल्यासारखं. तो "हो" मला अजून टोचतो. ११ मार्चला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. पट्टी निघाल्यावर हे त्यांच्या हातात द्यावं असं मनात आहे. पण पुन्हा खोटं निघालं, तर माझ्याकडून दिलेली कुठलीच गोष्ट ते आता डोळे भरून बघणार नाहीत.

भिंग लावून बघ आणि खरं काय ते लिही.

सिल्वियान


लोक्ल, ९ फेब्रुवारी २०१४

चि. सिल्वियान हिला आशीर्वाद.

तुझं पत्र भाऊजींनीच वर आणून दिलं. पाकीट चाचपून म्हणाले, "पोरीचं दिसतंय. जाड आहे. नोकरी सोडतेय की नवरा?" मी म्हटलं, पाककृती पाठवल्यात. त्यांचा विश्वास बसला नाही, कारण तू स्वयंपाक करतेस हे त्यांना ठाऊक नाही. मलाही नाही.

लोझानला मी पाच वर्षं संस्कृत शिकलो आणि मग वडिलांच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करायला येऊन बसलो. त्या पाच वर्षांचा उपयोग काय, असं तुझी आई शेवटपर्यंत विचारत असे. हा घे उपयोग. धूर पाहून अग्नी ओळखणं याला अनुमान म्हणतात. धुराचा फोटो पाहून मात्र एवढंच सिद्ध होतं की विकणाऱ्याकडे कॅमेरा आहे. फोटोवरून घड्याळ पारखणारा माणूस पत्रिकेवरून सून पारखणाऱ्यासारखा. जमेल तेवढं बघायचं आणि बाकी देवावर.

तर ऐक. सगळ्या फोटोंत एकच वेळ आहे. एकतर बाई फार चपळ आहे किंवा घड्याळ बंद आहे. जाहिरातीत "उत्तम चालू" लिहिलंय. चालू घड्याळ फोटोगणिक वेळ बदलतं, एवढी त्याला खोडच असते. तेव्हा आधी तिच्याकडून वेगळ्या वेळेचे फोटो मागव, आणि दिव्याखाली नको, खिडकीपाशी काढलेले. पिवळ्या दिव्याखाली निळा काटाच काय, आमचा पाद्रीसुद्धा वेगळ्या रंगाचा दिसतो.

केस चांगली आहे. विकाऊ घड्याळांना लोक घासून घासून चमकवतात, मग कडा वापरलेल्या साबणासारख्या गोल होतात. इथे कड शाबूत आहे. तबकडीही मूळची. वयाने आलेला पिवळेपणा कडेला जास्त आणि मधे कमी असतो, मुद्दाम आणलेला सगळीकडे सारखा. पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर अक्षरांच्या शेपट्या जाड होतात, इथे त्या केसासारख्या बारीक आहेत. मागून काढलेल्या फोटोत स्क्रूंच्या खाचाही स्वच्छ आहेत. म्हणजे कुणी अडाण्याने आत हात घातलेला नाही.

आता वाईट. मागच्याच फोटोत गोल डोलणारं चाक दिसतं ना, त्याच्यावर एक पितळी पट्टी आहे. बाकी सगळ्या पट्ट्या मुलामा दिलेल्या, पांढुरक्या. ही एकटी पिवळी, आणि कडा वेड्यावाकड्या घासलेल्या. ती दुसऱ्या कुठल्या घड्याळातून आणून बसवलेली असणार. अशा घड्याळाला आम्ही काय म्हणतो ते मामाने भाचीला लिहू नये.

आणि दुसरी गोष्ट, जिच्यापुढे बाकी सगळं गौण आहे. भाऊजींचं घड्याळ १९७६ साली दू नदीत पडलं. गळाला लागलेला ट्राउट मासा ओढताना मनगटावरून सुटलं, हे इथल्या गल्लीतल्या मांजरांनाही माहीत आहे. नदीत पडलेलं घड्याळ बेल्लुनोला जायचं तर आधी कुणीतरी ते बाहेर काढायला हवं. आणि काढलं तर आत गंज हवा. पाण्यात राहिलेला पोलादी काटा जांभळा राहत नाही, तांबूस होतो आणि मग उरतच नाही. या घड्याळात गंजाचा ठिपकाही नाही.

तेव्हा घड्याळ शाळेचं असेल, भाऊजींचं नाही. कुणा दुसऱ्या उतावळ्या पोराचं. घेऊ नकोस.

तुझा मामा,
ऑरेल


गेंट, १५ फेब्रुवारी २०१४

मामा,

"घेऊ नकोस" हे दोन शब्द शेवटी लिहिण्याऐवजी सुरुवातीला लिहिले असतेस तर माझा सबंध दिवस वाचला असता. पण मग पाद्री वाचायला मिळाला नसता.

तू सांगितलंस तसे फोटो मागवले. बाईचं नाव नीवेस, शाळेत भूगोल शिकवते, लगेच पाठवले. नव्या फोटोंत वेळ पुढे सरकलीय. आधीचे सगळे तिने भराभर काढले होते आणि घड्याळाला चावीच दिली नव्हती. "वडील रोज सकाळी द्यायचे, मला सवय नाही," असं लिहिलंय. म्हणजे चालतं. आणि खिडकीच्या उजेडातही काटा जांभळाच आहे. बघ.

दू नदीचं मला पटतं, आणि पटलं तरी पटत नाही. तुझं सगळं बरोबर आहे, पण त्या काट्याकडे बघितलं की मला बाबा दिसतात, थांबायला तयार नसलेले.

एक तात्त्विक प्रश्न आहे. समजा एखाद्याने ऑनलाइन घड्याळ घेतलंच, आणि नंतर त्याला जाणकाराचं मत कळलं, तर ते परत करता येतं का? मैत्रिणीसाठी विचारतेय.

सिल्वियान


लोक्ल, २१ फेब्रुवारी २०१४

चि. सिल्वियान,

मैत्रिणीला आशीर्वाद. तात्त्विक प्रश्नांना खरेदीची पावती नसते, तुझ्या मैत्रिणीकडे बहुधा आहे. तिला सांग, उतावळेपणा जांभळ्या काट्यासारखा असतो, घराण्यात उतरतो. परत करता येत असेल तर करावं.

तरी मी हातपाय हलवले. परवा भाऊजींबरोबर स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसलो होतो. ते सोलत होते, मी त्यांनी राहू दिलेली सालं काढत होतो. सहज म्हटलं, भाऊजी, ते घड्याळ दू नदीत नेमकं कुठे पडलं हो? म्हणाले, "पुलाच्या खाली. होडीत उभा राहिलो आणि खिशातून घसरलं." मी म्हटलं, मनगटावरून ना? म्हणाले, "मग मनगटावरून. चाळीस वर्षं झाली, मनगट काय आणि खिसा काय." मी सालं काढत राहिलो. वय झालं, तपशील सुटतात.

मग आडून आडून विचारलं, शाळेच्या घड्याळात एखादी पट्टी बाकीच्यांहून वेगळी असेल, मुलाम्याशिवाय, तर परीक्षक पास करायचे का? तुला सांगतो, बटाटा हातातून सुटून कोपऱ्यात गेला. "तुला कोणी सांगितलं?" म्हणाले. मी म्हटलं, कोणी नाही, दुकानात एक आलंय. तर सुरी ठेवली, उठले आणि खोलीत जाऊन बसले. सॉसेज एकट्याने खाल्लं मी. जुन्या कारागिराला शाळेच्या नावाला लागलेला एवढा डागही सहन होत नाही. माझंच चुकलं.

तेव्हा निकाल तोच. आणि आणखी एक लक्षात घे. आमच्या खोऱ्यात माणूस कारखाना विकतो, घर विकतो, प्रसंगी गायसुद्धा विकतो. शाळेचं घड्याळ ना विकत, ना कुणाला देत. आमच्या एका शिक्षकांना ते हातात घालूनच पुरलं. ज्याने दिलं त्याच्याकडे लोक असे बघतात की जणू त्याने शाळेतला फळा विकून खाल्ला. म्हणून बाजारात आलेलं शाळेचं घड्याळ म्हणजे एकतर मालक वारलेला, नाहीतर चोरीचं. घड्याळ बेल्लुनोला कसं गेलं म्हणशील, तर अर्धं बेल्लुनो आमच्या खोऱ्यात राबून परत गेलंय. त्याने काही सिद्ध होत नाही.

मैत्रिणीला धीर दे.

ऑरेल


गेंट, २६ फेब्रुवारी २०१४

मामा,

मैत्रीण मीच. तुझं पहिलं पत्र पोचायच्या आधल्या दिवशीच मी ते घेतलं होतं. मग तुझं पत्र आलं आणि मी खुर्चीत बसूनच राहिले.

घड्याळ माझ्या हातात आहे. टिकटिक करतंय. रात्रभर उशाशी ठेवलं आणि सकाळी बेकरीच्या घड्याळाशी जुळवून बघितलं, मिनिटाचासुद्धा फरक नव्हता. पण मला काय कळतंय त्यातलं? तू लिहिलेलं सगळं मी समोर धरून बघितलं. कडा आहेत. शेपट्या बारीक आहेत. ती पिवळी पट्टीही तशीच वेडीवाकडी. एका क्षणी वाटतं, हेच ते. दुसऱ्या क्षणी मला तो सुऱ्या-चमच्यांचा खण दिसतो.

परत करण्याची मुदत अजून आहे. पण आधी तू ते हातात घे. रजिस्टर्ड पाठवतेय, तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर. बाबांना कळू देऊ नकोस. तू "नाही" म्हणालास तर नाही. यावेळी तुझं ऐकेन.

सिल्वियान


लोक्ल, ५ मार्च २०१४

चि. सिल्वियान,

घड्याळ मिळालं. तू ते लोकरीच्या मोज्यात गुंडाळून पाठवलंस. घड्याळाच्या आत लोकरीचा एकच तंतू गेला तर सगळा कारभार थांबतो, हे आईने तुला शिकवलं नाही. असो. मोजा धुतलेला होता, हे नमूद करतो.

प्रत्यक्ष ते प्रत्यक्ष. फोटोवरून मी एका बाबतीत साफ चुकलो. ती पट्टी दुसऱ्या घड्याळातली नाही. पितळेच्या तुकड्यातून हाताने कापून, कानशीने घासून केलेली आहे. स्क्रूचं भोक थोडं तिरकं पडलंय, मग ते ओढून सरळ केलंय. हे कुठल्याही कारखान्याचं काम नाही, हे घाबरलेल्या पोराचं काम आहे. तरीही चाक तिच्याखाली असं डोलतं की ऐकत राहावं. माझे कान आता बारीक आवाज धरत नाहीत, म्हणून मी घड्याळ दातांना टेकवून बघतो. टकटक अगदी समतोल आहे. ज्याने केलं त्याचा हात वाकडा होता, पण कान सरळ होते.

म्हणजे घड्याळ अस्सल. एका माणसाने केलेलं, दुसऱ्या कुणी न बिघडवलेलं. ही आनंदाची बातमी इथवरच. मी चावीचा दांडा बाहेर काढून पाहिला. घड्याळात पाणी शिरलं तर ते तिथून शिरतं आणि तिथला गंज कितीही साफ केला तरी खळगे राहतात. इथे खळगा नाही. हे घड्याळ कधीही पाण्यात पडलेलं नाही, हे मी शपथेवर सांगेन.

मोठी पंचाईत आहे बघ. काटा म्हणतो भाऊजींचं. पट्टी कुठल्यातरी धांदरट विद्यार्थ्याचं म्हणते, आणि भाऊजी तर वर्गात पहिले आले होते, असं तेच सांगतात. आणि नदी म्हणते, शक्यच नाही. नदीची साक्ष कुणाच्या तोंडची? खुद्द भाऊजींच्या. विश्वासू माणसाचा शब्द हाही पुरावाच धरतात, आणि तुझ्या बापाहून विश्वासू माणूस मला ठाऊक नाही. त्यांना सरळ विचारू का?

ऑरेल


गेंट, ९ मार्च २०१४

मामा,

नको विचारूस. परवा ऑपरेशन आहे, त्यांना शांत राहू दे. पाण्यात पडलं नाही म्हणजे त्यांचं नाही, झालं. दुसऱ्या कुणा पोराचं घड्याळ त्यांच्या हातात देऊन मला पुन्हा "छान आहे हो" ऐकायचं नाही. तुझ्या खणात ठेव. मी ईस्टरला आले की नीवेसला परत पाठवेन, ती थांबायला तयार आहे.

ऑपरेशन झालं की तेवढं कळव. एक ओळ पुरे.

सिल्वियान


लोक्ल, १३ मार्च २०१४

चि. सिल्वियान,

एक ओळ: डोळा उत्तम आहे. पुढच्या ओळी तुला बसूनच वाचायला लागतील.

काल पट्टी काढली. भाऊजींनी डॉक्टरीणबाईंकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "एवढ्या लहान आहात हे आधी दिसलं असतं तर सही केली नसती." घरी आलो. स्वयंपाकघरात शिरले, म्हणाले, "हे पडदे इतके कळकट कधीपासून आहेत?" मी म्हटलं, मोतीबिंदूपासून. मग त्यांनी प्रत्येक वस्तू उचलून बघायला सुरुवात केली. चहाचा डबा, काडेपेटी, माझं तोंड. "म्हातारा झालास रे," म्हणाले.

आता माझा अपराध ऐक. तुझी आज्ञा मिळाली होती, घड्याळ खणात ठेवायचं. पण मी ते चाल तपासायला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं होतं आणि दवाखान्याच्या गडबडीत विसरलो. मला आठवायच्या आत ते त्यांच्या हातात होतं.

झाकण उघडलं नाही. भिंग मागितलं नाही. नुसता तो छोटा काटा फिरताना बघत राहिले. मग हळूच खुर्चीत बसले. मी मनात तुझ्या वतीने माफीची वाक्यं जुळवत होतो. तेव्हा ते म्हणाले,

"टुल्लियो कधी गेला?"

मला आधी कळेचना. मग आठवला. टुल्लियो म्हणजे घड्याळांच्या कारखान्यात भाऊजींच्या शेजारच्या टेबलावर काम करणारा इटालियन. तू दोन-तीन वर्षांची असताना तो आमच्या वरच्या माळ्यावर भाड्याने राहायचा, तुला खांद्यावर बसवून जिना उतरायचा. १९७६ साली कारखाना निम्मा बंद झाला. भाऊजी राहिले, टुल्लियोचं काम गेलं, आणि कामाबरोबर त्याचा इथे राहण्याचा परवानाही गेला.

"मी त्याला स्टेशनवर पोचवायला गेलो," भाऊजी सांगू लागले. "वीस वर्षं त्याने दुसऱ्यांसाठी घड्याळं जुळवली. फलाटावर मला विचारतो, न्यूमा, किती वाजले? त्याच्या मनगटावर काही नव्हतं रे. मी काय करणार होतो, वेळ सांगून परत येणार होतो?"

काढून दिलं. गाडी हलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की घरी काय सांगायचं. तेव्हा आमचे वडील जिवंत होते. कर्ज काढून होणाऱ्या जावयाची शाळेची फी त्यांनीच भरली होती. शाळेचं घड्याळ दिलं असं त्यांना सांगण्यापेक्षा नदीत उडी मारणं सोपं, म्हणून घड्याळालाच उडी मारायला लावली.

मी विचारलं, एदमेलाही हेच सांगितलंत? म्हणाले, "हेच. ती एवढंच म्हणाली की तू मासे धरायला जाताना घड्याळ घरी काढून ठेवतोस ना. मग आयुष्यात पुन्हा विषय काढला नाही." माझी बहीण. माझ्यापेक्षा चांगली तर्कशास्त्री, आणि लोझानला न जाता.

आता ती पितळी पट्टी. परीक्षेच्या आठवड्यात मूळची पट्टी हातातून पडली, आणि तिच्यावर पाय पडला तो यांचाच. रात्र जागून नवी केली, मुलामा द्यायला वेळ नव्हता. मी म्हटलं, पण तुम्ही तर पहिले आला होतात. म्हणाले, "असं कोण म्हणालं?" मी म्हटलं, तुम्ही. म्हणाले, "मग तसं असेल." आणि हसले. सिल्वियान, एवढ्या वर्षांत मी त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. पाठीवरून धान्याचं पोतं उतरवलेला माणूस जसा खांदे हलवून बघतो, तसे खांदे हलवून बघत होते.

माझं अनुमान बिनचूक होतं, हे तू मान्य करायला हवंस. घड्याळ पाण्यात पडलंच नव्हतं. चूक एवढीच की नदीवर माझा विश्वास होता.

ता. क. घड्याळ त्यांच्या मनगटावर आहे. खणात गेलेलं नाही. "छान आहे" असंही म्हणाले नाहीत. नीट चालत नाही म्हणून तक्रार करतायत, जी खोटी आहे.

ऑरेल


गेंट, २१ मार्च २०१४

मामा,

तुझं पत्र मी जिन्यातच फोडलं आणि तिथेच पायरीवर बसून वाचलं. वरची बाई विचारत होती, काय झालं, कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही, कुणीतरी सापडलंय. ती घाबरून वर निघून गेली.

नीवेसला लिहून विचारलं. टुल्लियो तिचे वडील. गेल्या शरदात झोपेतच गेले. रोज सकाळी कॉफीआधी घड्याळाला चावी द्यायचे, आजारातसुद्धा. तिने विकायला काढलं कारण तिला वाटलं, शाळेचं नाव असलेलं जुनं घड्याळ, कुणा शौकिनाला आवडेल. घरात कुणाला त्याची किंमत नव्हती, त्याला कारण आहे. तिच्या वडिलांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की ते त्यांनी पत्त्यांत जिंकलं. एका स्विस मित्राकडून, ज्याला पत्ते अजिबात खेळता येत नव्हते. दर नाताळाला ही गोष्ट व्हायची म्हणे, आणि दरवर्षी तो स्विस मित्र आणखी वाईट खेळायचा.

मी तिला खरं काय ते अजून लिहिलेलं नाही. बाबांना विचार, लिहू का? ती म्हणते, तुम्ही कधी बेल्लुनोला आलात तर घड्याळ घेऊन या, आईला बघायचंय.

मामा, मला इतकं हलकं वाटतंय की काल पोहताना पाण्यात बुडीच मारता येईना.

सिल्वियान


लोक्ल, २७ मार्च २०१४

चि. सिल्वियान,

तुझं पत्र मला द्यायच्या आधी भाऊजींनी फोडून वाचलं. पाकीट माझ्या नावाचं होतं, हे मी त्यांच्या निदर्शनास आणलं. म्हणाले, "दोन वर्षांत पहिल्यांदा अक्षर लागलं, तुझं नाव काय बघत बसू?" आता आपली सोय संपली. यापुढे त्यांच्याबद्दल जे लिहायचं ते चांगलंच लिहीत जा. तुझी मागची सगळी पत्रंही त्यांनी शोधून वाचली आहेत, आणि तिखट कान, लोणचं आणि सुऱ्या-चमच्यांचा खण हे तीन मुद्दे तुझ्याकडे जाबासाठी प्रलंबित आहेत.

पत्त्यांच्या ओळीपाशी आले आणि उठून उभे राहिले. "पत्त्यांत? टुल्लियो? माझ्याकडून? त्या माणसाला वीस वर्षांत हुकूम कशाला म्हणतात ते कळलं नाही. दर शनिवारी हरायचा आणि पान खाली पडलं म्हणायचा." फेऱ्या मारू लागले. जिन्यात गेले, परत आले. म्हणाले, आख्ख्या बेल्लुनोत मी चाळीस वर्षं मूर्ख ठरलोय. आत्ताच्या आत्ता त्या पोरीला लिहायला सांग. मी म्हटलं लिहितो, आणि कागद घेतला.

मग ते खिडकीपाशी गेले.

"थांब," म्हणाले. "टुल्लियो वीस वर्षं आपल्यात राहिला होता. त्याला माहीत होतं. इथे घड्याळ हरलेला माणूस चालतो, दिलेला चालत नाही. त्याच्या गावची चार माणसं इथे कामाला होती, मी दिलं असं तो म्हणाला असता तर गोष्ट फिरत फिरत परत आली असती."

मी कागद खाली ठेवला.

ईस्टरनंतर आपण तिघं बेल्लुनोला जायचं ठरलंय. तिकिटं तू काढ, ऑनलाइन खरेदीत घराण्यात तुझा हात धरणारं कोणी नाही. नीवेसला काही लिहायचं नाही. तिथे गेल्यावर टुल्लियोच्या बायकोपुढे भाऊजी स्वतः सांगणार आहेत की ते घड्याळ पत्त्यांत हरले, आणि फार वाईट खेळले.

मी म्हटलं, भाऊजी, एका खोट्यातून आत्ता कुठे सुटलात.

म्हणाले, "ते माझं होतं. हे त्याचं आहे."

तुझा मामा,
ऑरेल